पहिल्या दहिवरापासून उलटे मोजताना : थंड हवामानातील परसबाग आणि स्वयंपाकघर

परसदार

थंड हवामानात भाजीपाला लावण्याचे हे माझे अकरावे वर्ष आहे. पहिली चार वर्षे मी एकच चूक निरनिराळ्या रूपांत करत राहिले. बर्फ वितळला, चार दिवस ऊन पडले, खिडकीबाहेरची माती काळी दिसू लागली, की मला राहवत नसे आणि हाताला येईल ते बियाणे मी पेरून टाकत असे. वर्षाचा सगळा हिशेब मी वसंतापासून मांडत होते. आता मी तो शरदापासून मांडते. भर हिवाळ्यात, जमीन दगडासारखी असतानाच, मी वहीत सर्वांत वर एकच तारीख लिहिते: आपल्या जागी शरदातले पहिले दहिवर ज्या सुमारास पडते, ती. दहिवर म्हणजे बोलताना आपण सर्रास ज्याला फ्रॉस्ट म्हणतो ते. त्या तारखेपासून एकेका भाजीसाठी मागे मोजत आले, की पेरणीचा दिवस सापडतो, आणि ज्या भाजीसाठी तो सापडत नाही ती लावायचीच नाही, हेही तेव्हाच कळते.

उदाहरण म्हणून फरसबी घेऊ. माझ्याकडे वसंतातले शेवटचे दहिवर आणि शरदातले पहिले दहिवर यांच्यामध्ये साधारण १२० दिवस मिळतात. बियाण्याच्या पाकिटावर ५५ दिवस लिहिलेले असते, त्यामुळे हातात भरपूर वेळ आहे असे वाटते. पण ५५ दिवसांनी पहिली शेंग मिळते, शेवटची नव्हे. तोडणी नीट तीन आठवडे चालावी अशी इच्छा असेल, तर ते २१ दिवस त्यात मिळवावे लागतात. शिवाय उन्हाळा उतरू लागला की दिवस लहान होतात, रात्री गारठतात आणि त्याच झाडाची वाढ मंदावते, म्हणून मी आणखी १४ दिवस धरते. बेरीज ९० होते. याचा अर्थ, माझ्या १२० दिवसांपैकी पहिल्या ३० दिवसांतच फरसबी जमिनीत गेली पाहिजे. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. टोमॅटो आणि मिरचीच्या पाकिटावरचे दिवस बी पेरल्यापासूनचे नसतात, रोप बाहेर लावल्यापासूनचे असतात. टोमॅटोचे रोप त्याआधी ६ ते ८ आठवडे आणि मिरचीचे ८ ते १० आठवडे घरात वाढलेले असावे लागते.

वहीतला दुसरा रकाना स्वयंपाकघराचा असतो. प्रत्येक भाजीपुढे मी लिहिते, की ती कोणत्या रूपात खाल्ली जाणार आहे: रोज ताजी, फ्रीजरमध्ये ठेवून, वाळवून, मिठात मुरवून, की तशीच साठवून. बेगमीचा हा विचार पेरणीच्या आधी केला नाही, तर तो तोडणीच्या दिवशी करावा लागतो आणि तेव्हा सवड नसते. एका वर्षी मी झुकिनीची सहा झाडे लावली. तीन आठवडे रोज टोपली भरून निघत होती. झुकिनी फार दिवस टिकत नाही, गोठवली तर पाणी सुटून तिचा लगदा होतो, आणि दोन दिवस लक्ष राहिले नाही तर ती निबर होते. आता मी दोनच झाडे लावते आणि उरलेल्या जागेत गाजर घेते, कारण गाजर जमिनीत माझी वाट पाहू शकते.

आपण सर्वांनी आपापला हिशेब इथे मांडावा अशी विनंती आहे. कोणती भाजी साधली, कोणती साधली नाही, आणि तिचे पुढे ताटात काय झाले, हे तिन्ही लिहिले तर इतरांना त्याचा उपयोग होईल.

ओली माती

परसदारताई, उलट्या मोजणीला माझी पूर्ण संमती आहे. फक्त वसंताच्या टोकाला तारखेपेक्षा मातीचे तापमान अधिक खरे बोलते, एवढे त्यात जोडावेसे वाटते. मी एक साधा थर्मामीटर वाफ्यात बोटभर खोल खुपसून ठेवतो आणि सलग चार दिवस सकाळी आकडा पाहतो. सकाळी अशासाठी, की दुपारचे ऊन आपल्याला फसवते. माती ५ अंशांवर स्थिर झाली की वाटाणा आणि पालक पेरता येतात. ते हळूहळू उगवतात, पण कुजत नाहीत. बटाट्यासाठी मी ७ ते ८ अंशांची वाट पाहतो. फरसबीला मात्र किमान १२ आणि काकडी, भोपळा या वेलांना १६ अंश तरी हवेत. एका वर्षी मी ८ अंशांच्या ओल्या मातीत फरसबी पेरली. दोन आठवड्यांनी उकरून पाहिले तेव्हा दाणे फुगून मऊ झाले होते आणि बोटाने दाबताच सालीतून घसरून बाहेर येत होते. एकही कोंब नव्हता. ज्या कोणी माझ्यानंतर तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच पेरले, त्याची फरसबी माझ्या दुसऱ्या पेरणीइतकीच लवकर आली.

माती लवकर तापवण्याचे दोन उपाय मला लागू पडले आहेत. गादीवाफ्यातले, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यातले, पाणी लवकर निचरते, म्हणून तो सपाट जमिनीपेक्षा आधी गरम होतो. आणि हिवाळ्यासाठी अंथरलेले पेंढ्याचे आच्छादन वसंतात वेळेवर बाजूला सारावे लागते, नाहीतर तेच आच्छादन थंडी आत धरून ठेवते.

घरातल्या रोपांबद्दल एक कळकळीची सूचना आहे. खिडकीच्या उजेडावर वाढवलेली टोमॅटोची रोपे उंच, फिकट आणि लुळी होतात; त्यांना रोज १४ ते १६ तास दिव्याचा उजेड मिळाला, तर ती बुटकी आणि दणकट राहतात. तरीही ती थेट बाहेर नेऊ नयेत. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग कोवळ्या उन्हात, असे करत ७ ते १० दिवस त्यांना वारा आणि ऊन सोसण्याची सवय लावावी लागते. रात्रीचा पारा १० अंशांच्या वर राहू लागल्याशिवाय मी टोमॅटो जमिनीत लावत नाही. आधी लावलेले रोप मरत नाही, पण आकसून बसते आणि मागून लावलेले रोप त्याच्या पुढे निघून जाते.

कोवळे पान

मी या विषयात नवीन आहे, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटला तर क्षमा असावी. गेल्या वर्षी मी उष्ण प्रदेशात घेतले जाणारे कांद्याचे बियाणे लावले होते. रोपे उत्तम आली, पण उन्हाळा सुरू होताच पात वाढायची थांबली आणि काढणीला गोट्यांएवढे कांदे निघाले. कुंपणावर चढवलेल्या पावट्याचे नेमके उलटे झाले. वेल माझ्या डोक्याच्या वर गेला, पाने गर्द हिरवी, पण फुलाचा पत्ता नाही. शरदात पहिल्या कळ्या दिसल्या आणि आठवड्याभरात दहिवराने वेल काळा पडला. खत, पाणी, ऊन यांत काही कमी केले नव्हते. मग चुकले कुठे?

परसदार

कोवळे पान, आपले काहीच चुकले नाही. आपण तापमानाचा विचार केला, तो आवश्यकच होता. पण बियाणे तापमानाबरोबर दिवसाची लांबीही मोजते, आणि दोन्ही पिकांचा घोटाळा तिथेच झाला आहे.

विषुववृत्तापासून २० अंशांवर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो. ५० अंशांवर तो १६ तासांहून थोडा मोठा आणि ६० अंशांवर जवळजवळ १९ तासांचा असतो. उष्ण प्रदेशातले कांद्याचे वाण दिवस १० ते १२ तासांचा झाला की गड्डा धरू लागतात. आपल्याकडे वसंतातच दिवस त्याच्या पुढे जातो, त्यामुळे रोपाला जेमतेम चार पाने असतानाच त्याला वाटते की वेळ झाली, आणि चार पानांच्या बळावर जेवढा कांदा पोसता येईल तेवढाच तो पोसतो. आपल्यासाठी १४ ते १६ तासांच्या दिवसाला गड्डा धरणारे वाण घ्यावे लागते. तोपर्यंत पात दणकट झालेली असते, आणि जितकी पाने अधिक, तितके कांद्याचे पापुद्रे अधिक.

पावट्याची पारंपरिक वाणे याच्या उलट स्वभावाची आहेत. त्यांना फुलण्यासाठी दिवस लहान व्हावा लागतो, म्हणजे रात्र पुरेशी लांब व्हावी लागते. आपल्या लांबलचक उन्हाळ्यात ती पानेच वाढवत राहतात. हे कोडे शास्त्रज्ञांनाही याच रूपात भेटले होते. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्यासमोर तंबाखूचे एक वाण होते, जे उन्हाळ्यात माणसापेक्षा उंच वाढे पण फुलत नसे, आणि हिवाळ्यात काचघरात मात्र लहानपणीच फुले. त्या वाणाच्या अभ्यासातून दिवसाच्या लांबीचा हा परिणाम त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या कुंपणावरचा वेल तेच करत होता. शेंगांची हौस असेल, तर दिवसाच्या लांबीकडे लक्ष न देणारे, लवकर फुलणारे वाण मिळते का ते पाहावे. नाहीतर त्या जागी फरसबी किंवा वाटाणा लावावा. बियाणे एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबाबत वनस्पती-आरोग्याचे कडक नियम असतात, तेही आधी पाहून घ्यावेत.

पालक आणि कोथिंबीर याच कारणाने भर उन्हाळ्यात हातची जातात. दिवस १४ तासांच्या पुढे गेला आणि त्यात ऊब मिळाली, की पालक पाने सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतो. म्हणून मी पालक दोनदा पेरते: एकदा माती ५ अंशांवर येताच, आणि दुसऱ्यांदा पहिल्या दहिवराच्या ६ ते ८ आठवडे आधी. दुसरी पेरणी मला अधिक प्रिय आहे. उतरत्या दिवसांत त्याला फुलायची घाई नसते, पाने जाड होतात, आणि हलके दहिवर तो सहज सोसतो.

रानजाई

पालकाचा विषय निघालाच आहे, तर थंडीने गोड होणाऱ्या भाज्यांबद्दल लिहिते. पारा शून्याच्या आसपास खेळू लागला, की गाजर, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखे मूळ) आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) आपल्या पेशींतली साखर वाढवतात; साठवलेल्या पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर होते, आणि साखर विरघळलेले पाणी शून्याच्या थोडे खाली गेल्यावरच गोठत असल्यामुळे पेशी फुटत नाहीत. झाड स्वतःला वाचवते आणि आपल्या ताटात गोडवा येतो. दोन-तीन दहिवरांनंतर उपटलेले गाजर आणि उन्हाळ्यात उपटलेले गाजर यांची चव शेजारी शेजारी घेऊन पाहावी. ती एकच भाजी आहे यावर विश्वास बसत नाही.

या गाजराला मी फार काही करत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात थोडे लोणी, बोटाएवढे तुकडे, चिमूटभर मीठ, वर घट्ट झाकण आणि मंद आच. पाणी अजिबात घालायचे नाही. गाजर अंगच्या रसात शिजते, तो रस तळाशी आटत जातो आणि शेवटी तुकड्यांना चकचकीत लेप बसतो. झाकण काढल्यावर पातेले चुरचुरू लागले की आच बंद करायची. उन्हाळ्यातल्या गाजराला असा लेप कधी बसत नाही.

वाढीच्या बाबतीत मात्र भ्रम नसावा. दिवस १० तासांपेक्षा लहान झाला, की कापडाखाली किंवा काचेखालीही भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. त्या काळात बाग ही वाढीची जागा नसते, ती साठवणीची जागा असते. केल आणि पालक दहा तासांची सीमा येण्याआधीच पुरेसे मोठे झालेले असले पाहिजेत, म्हणजे पुढचे दोन महिने आपण त्यातून फक्त खुडत राहतो. परसदारताईंच्या मोजणीत ही दुसरी तारीखही लिहून ठेवावी, असे मला वाटते.

पेंढा

मला पहिल्या दहिवराच्या रात्रीबद्दल लिहायचे आहे, कारण त्या एका रात्रीत टोमॅटोचे सगळे वर्ष हातात राहते किंवा जाते.

आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि संध्याकाळी हवा एकदम कोरडी, कडक वाटू लागली असेल, तर अंदाजात ३ अंश लिहिलेले असले तरी मी निर्धास्त राहत नाही. हवामानाचा पारा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजलेला असतो. अशा रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशाकडे निघून जाते आणि पानांच्या उंचीवर त्याहून दोन-तीन अंश कमी भरतात. ढग असतील तर तेच पांघरुणाचे काम करतात आणि भीती कमी होते. दुपारी मी वाफ्यांना भरपूर पाणी देतो, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्रभर थोडी थोडी सोडत राहते. सूर्य मावळण्याआधी जुन्या चादरी किंवा बागेचे पांढरे विणलेले कापड काठ्यांच्या आधाराने पसरतो. कापड चारी बाजूंनी जमिनीला टेकले पाहिजे आणि कडांवर दगड ठेवले पाहिजेत. पहिल्या वर्षी मी प्रत्येक झाडाला चादर गुंडाळून बुंध्याशी दोरीने बांधली होती. जमिनीतून येणारी ऊब बाहेरच राहिली आणि सकाळी चादरीच्या आतली पाने पाण्यात उकळल्यासारखी काळीहिरवी लोंबत होती. प्लास्टिक टाकायचे असेल तर ते पानांना टेकू देऊ नये. जिथे टेकते तिथे पान हमखास जळते.

दोन-तीन अंशांची लढाई कापडाने जिंकता येते, पाच अंशांची नाही. मोठा कडाका येणार असेल, तर मी सगळे टोमॅटो उतरवून घेतो. हिरव्यांमध्ये दोन प्रकार असतात आणि ते ओळखणे महत्त्वाचे आहे. एखादे फळ मधोमध कापावे. बियांभोवती गिळगिळीत गर झालेला असेल आणि सुरीखाली बिया कापल्या न जाता बाजूला सरकत असतील, तर त्या आकाराची आणि तशा फिकट रंगाची बाकीची फळे घरात पिकतील. बिया कापल्या गेल्या, आतला भाग घट्ट आणि कोरडा निघाला, तर ती फळे पिकणार नाहीत. ती हिरवीच स्वयंपाकात घ्यावीत. पिकणारी फळे खोक्यात एकाच थरात, एकमेकांना न टेकता, कागदावर मांडतो. १८ ते २१ अंशांत ती साधारण दोन आठवड्यांत रंग धरतात. उजेडाची गरज नसते. घाई असेल तर शेजारी एक पिकलेले केळे किंवा सफरचंद ठेवतो, कारण त्यातून निघणारा इथिलीन वायू पिकण्याला चालना देतो. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. १० अंशांच्या खाली त्यांची चव मरते. दहिवर लागलेले फळ मात्र एकही खोक्यात जाऊ देऊ नये, कारण ते कुजते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते.

न पिकणाऱ्या हिरव्यांची मी चटणी करतो. जाडसर चिरून तेलावर परततो, त्यांचा उग्र वास जाऊन कडा तांबूस होईपर्यंत हलवत राहतो, मग लसूण, मिरची, भाजलेले तीळ आणि मीठ घालून भरड वाटतो. आंबटपणा अंगचाच असतो, लिंबू लागत नाही.

बरणी

पेंढा यांचे वर्णन वाचून त्या रात्रीची सगळी धावपळ डोळ्यांसमोर आली. मी पुढच्या टप्प्याबद्दल, म्हणजे बेगमीबद्दल लिहिते, आणि त्यातले काही मुद्दे थोडे आग्रहाने मांडते, कारण इथे चूक झाली तर नुकसान चवीचे नसते, प्रकृतीचे असते.

वाटाणा तोडायला जाण्याआधी पाणी उकळायला ठेवावे, ही मला मिळालेली सर्वांत उपयोगी शिकवण आहे. तोडल्या क्षणापासून दाण्यातल्या साखरेचे पिठूळ भागात रूपांतर होऊ लागते, आणि संध्याकाळचा वाटाणा दुसऱ्या दिवशी दुपारी बेचव लागतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी वाटाणा दीड ते दोन मिनिटे, फरसबी तीन मिनिटे आणि पालक दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावा. भाजीतली विकरे, म्हणजे एन्झाइम, गोठल्यावरही मंदपणे काम करत राहतात आणि रंग, वास बिघडवतात. हे उकळते पाणी त्यांना थांबवते. त्यानंतर पाणी पूर्ण निथळून, ताटात सुटे पसरून गोठवावे आणि मगच पिशवीत भरावे, म्हणजे त्याचा दगड होत नाही. उणे १८ अंशांवर अशी भाजी ८ ते १२ महिने चांगली राहते. टोमॅटो आणि मिरची यांना हे काहीच करावे लागत नाही. धुऊन, पुसून तशीच गोठवावीत. गोठलेला टोमॅटो कोमट पाण्यात धरला की साल हातात येते.

बरणीत हवाबंद करण्याच्या बाबतीत अंदाजपंचे काहीही करू नये. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा ज्या जिवाणूमुळे होते, त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीतही टिकून राहतात आणि हवा नसलेल्या, कमी आंबट अन्नात वाढतात; वासावरून किंवा रंगावरून ते नेहमी कळत नाही. ४.६ पेक्षा कमी सामू (पीएच) म्हणजे पुरेसे आंबट. टोमॅटो नेमका या सीमेवर बसतो, म्हणून एक लीटरच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबाचा रस घालतात. बाटलीबंद अशासाठी, की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. फरसबी, वाटाणा, गाजर या भाज्या साध्या उकळीत बरणीबंद करायच्या नाहीतच. त्यांना ११६ ते १२१ अंशांचे, त्याच कामासाठी बनवलेले दाबाचे उपकरण लागते आणि घरातला रोजचा कुकर त्याची जागा घेऊ शकत नाही. लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवण्याची पद्धतही याच कारणाने धोक्याची आहे. असे तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे, किंवा बर्फाच्या साच्यात गोठवावे.

मिठात मुरवणे मात्र निर्धोक आणि सोपे आहे, फक्त वजन काट्यावर करावे. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळायचे. दहा मिनिटे दोन्ही हातांनी कुस्करले, की कोबी मऊ पडून आपलेच पाणी सोडतो. बरणीत दाबून भरायचा, वर एक अख्खे पान आणि त्यावर वजन ठेवायचे, म्हणजे सगळा कोबी खाऱ्या पाण्याखाली राहतो. तोंडाला दादरा बांधून १८ ते २२ अंशांत ठेवला, की तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात आणि तीन ते चार आठवड्यांत तो छान आंबतो. पाण्याबाहेर राहिलेले पान बुरशी धरते, एवढ्याच गोष्टीकडे रोज लक्ष द्यावे.

कोवळे पान

कांद्याचे रहस्य उलगडल्याबद्दल परसदारताईंचे मनापासून आभार. माझ्या घराला तळघर नाही. गाजर, बटाटे, कांदे आणि लाल भोपळा कसे आणि कुठे ठेवावेत?

ओली माती

तळघर नसले तरी चालते, पण या चौघांना एकत्र ठेवू नये, कारण प्रत्येकाची मागणी वेगळी आहे. गाजराला ० ते ४ अंश आणि भरपूर ओलावा लागतो. पाला देठाशी कापून, न धुता, किंचित ओलसर वाळूत थर देऊन ठेवावे. थंड पडवी किंवा न तापवलेली खोली त्याला पुरते. जवळ सफरचंद असेल तर गाजर कडू होते. कांदा आणि लसूण थंड पण कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी टांगावेत. लाल भोपळा देठ ठेवून, दहिवर लागण्याआधी काढावा, आठ-दहा दिवस उबेत राहू द्यावा आणि मग १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागी ठेवावा. घरातली सर्वांत थंड झोपायची खोली त्याला मानवते.

बटाट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. त्याला अंधार हवाच, कारण उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते, जे शिजवूनही जात नाही. परंतु त्याला फार थंडही ठेवू नये. ४ अंशांच्या खाली बटाट्यातली साखर वाढते, आणि तो तळला किंवा कडक भाजला की लवकर काळपट होतो. अशा साखरेमुळे तळताना अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक ठरू शकणारे द्रव्य अधिक तयार होते, ज्याचा अन्नातला आढळ स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जाहीर केला. तळायचे बटाटे ७ ते १० अंशांत ठेवावेत.

कोवळे पान

हंगाम संपत आला आहे, म्हणून पुन्हा लिहिते. यंदा मी लांब दिवसाचे कांद्याचे वाण घरात दहा आठवडे वाढवून लावले. कालच माना मोडून पडलेल्या पातींसह काढणी केली. सर्वांत मोठा कांदा ४१० ग्रॅम भरला. तो मधोमध कापला तेव्हा आत तेरा पापुद्रे मोजले. पावट्याच्या जागी फरसबी होती. त्यातली सहा पाकिटे फ्रीजरमध्ये आहेत. आता कांद्याचा वाफा रिकामा झाला आहे. शरदात तिथे काही लावता येते का?

परसदार

४१० ग्रॅमचा कांदा वाचून फार आनंद झाला. त्याच वाफ्यात लसूण लावू नये, कारण तोही कांद्याच्याच कुळातला आहे आणि एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. फरसबीचा वाफा रिकामा असेल तर तिथे लावावा. जमीन गोठण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी लावलेला लसूण मुळे धरतो आणि कोंब मातीखालीच थांबवतो. त्याला काही आठवडे चांगली थंडी मिळावीच लागते, तरच गड्ड्याच्या पाकळ्या सुट्या होतात. वसंतात थंडीशिवाय लावला तर पुष्कळदा पाकळ्या न पडलेला एकच गोल गड्डा निघतो. पाकळीचे टोक वर ठेवून, त्यावर ५ सेंटीमीटर माती येईल एवढे खोल आणि १५ सेंटीमीटर अंतरावर लावावे. जमीन गोठू लागली की वर वीतभर पेंढा पसरावा, कारण लसणाला थंडीपेक्षा माती वारंवार गोठून वितळण्याचा त्रास अधिक होतो. त्या उलथापालथीत पाकळ्या वर ढकलल्या जातात. पुढे बर्फ पडला तर तो झाडून टाकू नये, तो पांघरुणासारखा असतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मधून गोल वळलेला दांडा निघेल, तो कोवळा असतानाच मोडून घ्यावा आणि बारीक चिरून परतावा. खालची तीन-चार पाने वाळली की काढणी.

माझ्याकडे जमीन गोठायला अजून पाच आठवडे आहेत. आज दुपारी मी यंदाचे सर्वांत मोठे सहा गड्डे फोडले. त्यातल्या ३६ टपोऱ्या पाकळ्या वाफ्यात गेल्या, आणि मधल्या बारीक पाकळ्या ठेचून संध्याकाळी पालकाच्या फोडणीत घातल्या.